मीटरवरचा आकडा

१८ सप्टेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या अलास्का राज्यात, अँकरेजच्या दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या सेवर्ड महामार्गावर एका लाल व्होल्वोने आपला तीस लाखावा मैल पूर्ण केला. चालवत होते अर्व्ह गॉर्डन, वय ७३, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे निवृत्त विज्ञानशिक्षक. गाडी त्यांनी १९६६ च्या जूनमध्ये नवी कोरी घेतली होती, सुमारे ४१५० डॉलरना, आणि ती घेतल्यापासूनच्या पहिल्या दोन दिवसांत १५०० मैल चालवली होती. १९८७ मध्ये दहा लाख मैल झाले, २००२ मध्ये वीस लाख. १९९८ मध्येच गिनेसने त्यांच्या नावावर विक्रम लिहिला होता: एकाच मालकाने, धंद्यासाठी न वापरलेल्या गाडीने, कापलेलं सर्वाधिक अंतर.

तीस लाख मैल म्हणजे ४८ लाख किलोमीटरपेक्षा जास्त. चंद्रावर सहा वेळा जाऊन परत यायचं, आणि तरी दोन लाख किलोमीटर उरतात. ४७ वर्षांवर ते वाटले तर रोजचे सरासरी २८० किलोमीटर पडतात. सुट्टी नाही, आजारपण नाही, पाऊस-बर्फ म्हणून थांबणं नाही.

ही गाडी म्हणजे साधी घरगुती मोटार नव्हती. व्होल्वो पी-१८०० ही दोन दारांची, बसकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. दणकट पण दिसायला साध्या गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश कंपनीला शोरूमच्या काचेपाशी लोक थांबावेत म्हणून एक देखणी गाडी हवी होती. रेखाटन पेले पेटरसन या तरुण स्वीडिश माणसाचं, तो त्या वेळी इटलीतल्या फ्रुआच्या कार्यशाळेत काम करत होता. १९६१ पासून सुरुवातीच्या गाड्या इंग्लंडमध्ये जेन्सन कंपनीने जोडल्या. त्यांच्या जोडणीबद्दल तक्रारी आल्यावर १९६३ मध्ये व्होल्वोने काम स्वीडनला, गोथेनबर्गला नेलं. टीव्हीवरच्या ‘द सेंट’ मालिकेत रॉजर मूर हीच गाडी चालवत असे, त्यामुळे ती जगभर ओळखीची झाली.

मग प्रश्न उरतो की जी गाडी मजेसाठी बनवली, तिने टॅक्सी आणि ट्रक यांनाही मागे टाकेल एवढी मजल कशी मारली? त्याचं उत्तर शोधताना सेकंडहँड बाजारातल्या एका पक्क्या समजुतीला धक्का बसतो. आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कारची जाहिरात ‘फक्त वीस हजार चालली आहे’ इथून सुरू होते आणि बहुतेकांचा सौदाही तिथेच ठरतो. माझं ठाम मत आहे की हा आकडा एकट्याने फारच थोडं सांगतो. गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालली, किती वेळा थंड इंजिनाने सुरू झाली आणि किती महिने नुसती उभी राहिली, यावर तिचं आयुष्य ठरतं.

इंजिनाच्या आत बघू. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे गोळ्या किंवा रोलर नसतात. मऊ धातूचा थर दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या असतात, आणि शाफ्ट व वाटी यांच्यामध्ये ऑइल. शाफ्ट फिरू लागला की तो स्वतःच ऑइल ओढून पाचरीसारखं खाली दाबतो आणि त्या दाबावर तरंगू लागतो. हा थर काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ, पण तो शाबूत असेपर्यंत धातूला धातू लागत नाही. म्हणजे गरम झालेलं, चांगल्या ऑइलचं, एका वेगात चाललेलं इंजिन जवळपास झिजतच नाही, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

झीज होते ती थर बनण्याआधी. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली तेलटाकीत उतरलेलं असतं. चावी फिरवल्यावर पंप ते वर पोचवेपर्यंतचे क्षण बेअरिंग, कॅम आणि पिस्टनच्या रिंगा जुन्या ओलाव्यावर काढतात. त्यात थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. ते पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगांच्या फटीतून खाली झिरपतं. शिवाय पाणी. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थंड इंजिनात त्यातला काही भाग ऑइलमध्ये उतरतो. ऑइल चांगलं तापलं तरच ते उडून जातं. आणि ऑइल तापायला वेळ लागतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर येतो तेव्हा फक्त कूलंट तापलेलं असतं, ऑइल अजून बरंच मागे असतं.

गॉर्डन यांचा शाळेत जाऊन-येऊन रोजचा प्रवास १२५ मैलांचा, म्हणजे २०० किलोमीटरचा होता. त्यात थंड इंजिन सुरू व्हायचं ते फक्त दोनदा. आता घरापासून दहा किलोमीटरवर ऑफिस असलेला माणूस घ्या. त्याला हेच २०० किलोमीटर कापायला दहा दिवस लागतात आणि वीस वेळा थंड इंजिन सुरू करावं लागतं. दोन्ही मीटरवर सारखेच किलोमीटर चढले, पण झीज दसपट वेळा झाली. दुसऱ्या गाडीचं ऑइल नीट तापण्याआधीच बहुतेक वेळा इंजिन बंदही झालं.

तासांचा हिशेबही करून पाहावा. १ लाख ६० हजार किलोमीटर ताशी ६४ च्या सरासरीने चालली तर इंजिन २५०० तास फिरलं. तेच अंतर मुंबईच्या सिग्नलांमधून ताशी २५ च्या सरासरीने कापलं तर ६४०० तास. हायवेवरची दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी आणि शहरातली ऐंशी हजार चाललेली गाडी यांत इंजिनाच्या दृष्टीने तरुण कोण, हे सांगायला मीटर उपयोगी पडत नाही. आधुनिक गाड्यांचा संगणक हे तास नोंदवतो. पोर्शेसारख्या गाड्यांत तर इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, हेही त्यातून वाचता येतं. विकत घेताना पाहायची गोष्ट ही आहे.

गॉर्डन यांच्या गाडीला आणखी एक भाग्य लाभलं होतं, ते म्हणजे तिचं इंजिन. व्होल्वोचं बी-१८, चार सिलिंडर, १७७८ सीसी, बीडाचा ब्लॉक आणि चार सिलिंडरांसाठी पाच ठिकाणी आधार दिलेला क्रँकशाफ्ट. त्या काळात पुष्कळ कंपन्या अशा इंजिनाला तीन आधारांवर भागवायच्या. हेच इंजिन व्होल्वोच्या साध्या गाड्यांत आणि बोटींतही बसायचं. ताकद सुमारे १०० अश्वशक्ती, म्हणजे लिटरला छप्पन्न-सत्तावन्न. पिस्टनची चाल ८० मिलिमीटर. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर प्रत्येक पिस्टन तासाला जवळजवळ २९ किलोमीटर वर-खाली करतो. तीस लाख मैल ताशी ५० मैलांनी कापले असं मानलं तर ६० हजार तास होतात, आणि तेवढ्यात एकेका पिस्टनने आपल्या त्या वीतभरही नसलेल्या जागेत सतरा लाख किलोमीटरची ये-जा केली असणार. इंजिन पहिल्यांदा खोलून बांधलं ते सुमारे ६ लाख ८० हजार मैलांवर.

पण भाग्यापेक्षा शिस्त मोठी होती. गॉर्डन ३००० ते ३५०० मैलांना ऑइल बदलत. त्यांच्या रोजच्या धावेच्या हिशेबाने ही पाळी दर अठरा-वीस दिवसांनी यायची, आणि ती ते चुकवत नसत. कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिलं आहे ते लिहिलेल्या वेळी करायचं, सुटे भाग अस्सल वापरायचे आणि गाडीचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं सांगणं असे. यात कुठलीही विद्या लपलेली नाही. म्हणूनच ते बहुतेकांना जमत नाही.

इथे सावध करायला हवं. व्होल्वोच्या सहनशील इंजिनाचा धडा सगळ्याच स्पोर्ट्स कारना जसाच्या तसा लावता येत नाही. बीएमडब्ल्यूची ई-४६ पिढीची एम-३ घ्या, २००० च्या सुमारास आलेली. तिचं सहा सिलिंडरांचं इंजिन ३.२ लिटरमधून ३४३ अश्वशक्ती काढतं, लिटरला शंभराच्या वर, आणि मिनिटाला जवळजवळ ८००० फेऱ्यांपर्यंत जातं. पिस्टनची चाल ९१ मिलिमीटर. पिस्टनला वर थांबवून खाली खेचायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पिस्टनला ३००० फेऱ्यांवरच्या जुन्या व्होल्वोत जेवढा झटका बसेल त्याच्या आठपट या इंजिनात कमाल वेगाला बसतो. तो सगळा भार येतो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर. सुरुवातीच्या काही वर्षांच्या एम-३ गाड्या कंपनीने याच बेअरिंगसाठी परत बोलावल्या होत्या, आणि आजही बरेच जाणते मालक ही बेअरिंग बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक अंतरानंतर बदलून टाकतात.

बीएमडब्ल्यूने या गाडीच्या टॅकोमीटरवर एक सुरेख सोय दिली होती. इंजिन थंड असताना वरच्या आकड्यांपाशी दिवे लागलेले असतात आणि ऑइल तापत जाईल तसतसे ते एकेक करून विझतात. दिवे पेटलेल्या भागात काटा न्यायचा नाही, एवढा सोपा नियम. जुन्या मालकाने तो पाळला होता की नाही हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही, पण पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या आणि दीड लाख चाललेल्या दोन एम-३ मध्ये खरा फरक कदाचित तेवढाच असेल.

पोर्शेची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने ९११ चं हवेने थंड होणारं जुनं इंजिन सोडून पाण्याने थंड होणारं नवं इंजिन आणलं. बॉक्स्टर आणि ९९६ पिढीची ९११ यांत ते बसलं. आज सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्या ९११ गाड्या बहुधा याच. या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टच्या साखळ्यांपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट आहे, आणि त्याच्या एका टोकाला गोळ्यांचं, दोन्ही बाजूंनी बंद केलेलं बेअरिंग. बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. पण ते बसतं इंजिनाच्या ऑइलच्या शेजारी. वर्षं गेली की सील सैल होतं, गरम ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि आतच अडकून पडतं. नव्या ऑइलचा फायदा आतल्या गोळ्यांना मिळत नाही, जुन्या ऑइलमधलं आम्ल मात्र त्यांना खात राहतं. बेअरिंग तुटलं की शाफ्ट हलतो, साखळी सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. या दोषावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी-३ यांत वेगळ्या घराण्याचं इंजिन होतं, त्यांना हा रोग नाही.

या इंजिनांवर काम करणाऱ्या अनुभवी मेस्त्रींचं एक निरीक्षण आहे: रोज चालणाऱ्या, वेळेवर ऑइल बदललेल्या, मोठ्या आकड्याच्या गाड्यांपेक्षा गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या कमी चाललेल्या गाड्यांची त्यांना जास्त धास्ती वाटते. उभ्या गाडीत तेच ओलसर, आंबट झालेलं ऑइल महिनोन्महिने त्याच सीलला लागून बसतं. गाडी चालली की ते तापतं, ओलावा उडतो, सगळीकडे नवा थर चढतो. एक लाख मैल सुखरूप गेलेलं इंजिन म्हणजे अमर नव्हे, पण त्याने आपली परीक्षा दिलेली असते.

मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या मागे असतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि क्लच प्लेट बदलायलाही तो उतरवावाच लागतो. म्हणून शहाणा मालक क्लचचं काम निघालं की बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि आसपासची जुनी रबरं एकदमच बदलून घेतो. जास्त चाललेल्या स्पोर्ट्स कारच्या खर्चात मोठा वाटा भागांचा नसून तिथवर पोचण्याच्या मजुरीचा असतो. पाचशे रुपयांच्या सीलसाठी दोन दिवसांचं काम निघतं. त्या दोन दिवसांत हाताला लागणारं सगळं जुनं काढून टाकलं तर पुढची काही वर्षं तिथे हात घालायला नको. फेरारी एफ-३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला आख्खं इंजिन गाडीबाहेर काढावं लागतं, हे कळलं की त्या गाडीच्या देखभालीच्या खर्चाचं कोडं सुटतं.

टायमिंग बेल्टबद्दल एक गोष्ट विकत घेण्याआधीच विचारावी: तो तुटला तर काय होतं? माझदा एमएक्स-५ ची १९८९ मध्ये आलेली पहिली पिढी याबाबत मोठी क्षमाशील. तिच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये एवढी जागा आहे की बेल्ट तुटला तरी ते एकमेकांना भिडत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, नवा बेल्ट बसवला की पुन्हा चालते. बहुतेक ताकदवान इंजिनांत ही जागा नसते. तिथे बेल्टची मुदत ही सूचना नसून आज्ञा समजावी, आणि मुदत किलोमीटरांत आहे तशीच वर्षांतही असते हे विसरू नये. पंधरा वर्षं जुनी, वीस हजार चाललेली, बेल्ट कधीच न बदललेली गाडी ही बाजारातली सर्वांत फसवी चीज.

वर्षांचा हा हिशेब बेल्टपुरता नाही. रबर कॅलेंडरने म्हातारं होतं. सस्पेन्शनचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, रेडिएटरचे होज, दारांची रबरं, ब्रेकचे पाइप हे सगळं ऊन, उष्णता आणि ओझोन यांनी कडक होतं, भेगाळतं. स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त टोचतं, कारण तिचं सगळं मोल चालवण्याच्या अनुभवात असतं. इंजिन ठणठणीत आहे पण बुश गेले, शॉकअप बसले, तर वळणावर गाडी तरंगते, स्टिअरिंग काही सांगत नाही, आणि मालक म्हणतो की एवढं नाव ऐकलं होतं, पण मजा नाही. सव्वा लाख किलोमीटरनंतर सगळे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअप एकत्र बदलले तर तीच गाडी ओळखू येणार नाही. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्स कारवर खर्च करायला याहून चांगली जागा नाही, तरी लोक त्या पैशात मोठे अलॉय व्हील आणि आवाजी सायलेन्सर बसवतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर ते काम आणखी जोरात चालतं. ओलावा मुरला की ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. शहरात ते जाणवत नाही, पण आंबेनळी घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतं खाली जातं. दोन वर्षांतून एकदा ते बदलावं, गाडी चालो वा न चालो. टायरच्या कडेवरही तारीख असते. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीसारखी दिसली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नसतो, आणि कमी चाललेल्या गाडीवर नेमका तसाच टायर सापडतो.

गंजाबद्दल मात्र मी कठोर आहे. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बांधता येतो, सीटचं कातडं बदलता येतं. पत्रा सडला आणि तो सांगाड्याच्या भागात सडला की खर्चाला अंत नाही. एमएक्स-५ मध्ये कापडी छतावर पडणारं पाणी वाहून जायला मागच्या बाजूला नळ्या आहेत. त्या पाला-मातीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळीत साठतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतं. बाहेर रंगाला फुगा दिसतो तेव्हा आत भोक पडलेलं असतं. वर्षातून एकदा या नळ्यांतून मऊ तार फिरवली की काम भागतं. समुद्रकाठच्या गाड्यांची खालची बाजू जॅकवर चढवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म आठवते का? १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेली, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन असलेली दोन आसनी गाडी. तिचं अंग फायबरग्लासचं, ते गंजत नाही. खालचा सांगाडा पोलादाचा आणि हवा खारी, म्हणून तिच्याही पोटाखाली टॉर्च घेऊन वाकावंच लागतं.

विकत घेताना मी सर्वांत आधी फाइल मागतो. बिलं, तारखा, त्या-त्या वेळचे किलोमीटर. दीड लाख चाललेल्या गाडीबरोबर जाड फाइल असेल तर ती तीस हजाराच्या, कागद नसलेल्या गाडीपेक्षा मला जास्त आवडते. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, बिलांची रांग मागे फिरवणं अवघड. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि गिअरची मूठ हेही बोलतात. वीस हजाराच्या गाडीत ही कड झिजलेली असली तर पुढे बोलायचं कारण नाही. नंतर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आपल्यासमोर सुरू करायला सांगावी. आपण पोचण्याआधीच इंजिन गरम असेल तर विक्रेत्याने काहीतरी झाकलेलं असण्याची शक्यता आहे. थंड इंजिनाचं पहिलं अर्धं मिनिट, साखळीचा खडखडाट आणि सायलेन्सरमधला निळा धूर यांवरून जे कळतं ते तासाभराच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही.

त्यानंतर मेस्त्रीचं काम. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. आकडा कमी-जास्त असण्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त महत्त्वाची. शंका आली तर सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते हे ऐकायचं: ऑइल भरण्याच्या तोंडातून सुस्कारा आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडायचा आणि उन्हात धरायचा. चकाकणारे कण दिसले तर त्यांना चुंबक लावायचं. चिकटले तर लोखंडी, न चिकटणारे बहुधा बेअरिंगच्या मऊ धातूचे किंवा ॲल्युमिनियमचे. या सगळ्याला लागणारा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि तो नाकारणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नये.

पैशाची बाजूही स्वच्छ समजून घ्यावी. गाडीची किंमत घसरते, तिच्या भागांची घसरत नाही. एक कोटीला नवी मिळणारी गाडी पंधरा वर्षांनी पंधरा लाखांत मिळेल, पण तिचे ब्रेक डिस्क, टायर, रेडिएटर आणि सेन्सर अजूनही एक कोटीच्या गाडीचेच असतात. आपल्याकडे आयात शुल्क वरून. त्यात पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, महाराष्ट्रात पर्यावरण कर, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. म्हणून सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. पहिल्याच महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर, बेल्ट आणि प्लग बदलून एक नवी वही सुरू करावी. आधीच्या मालकाने काय केलं याबद्दलचे सगळे अंदाज तिथे संपतात आणि पुढचा प्रत्येक आकडा आपल्या माहितीचा असतो.

आणि मग गाडी चालवावी. दर आठवड्याला निदान अर्धा-पाऊण तास, ऑइल पूर्ण तापेपर्यंत. आधी काही किलोमीटर हळू, नंतर इंजिनाला मोकळं फिरू द्यावं. जागेवर उभी करून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची पद्धत टाळावी, कारण त्यात थंड इंजिनाचे सगळे तोटे पदरात पडतात आणि ओलावा उडत नाही. गॉर्डन यांनी तर प्रदर्शनाची वस्तू होण्याजोगी गाडी बर्फात, पावसात, महामार्गावर रोज वापरली. विकणार का असं विचारलं की मैलाला एक डॉलर या दराने देईन, म्हणायचे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी ते वारले, तोवर मीटर तीस लाखांच्या बराच पुढे गेला होता.

अशी गाडी किती काळ चालेल हे शेवटी एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे भाग मिळतात का. पी-१८०० चं उत्पादन १९७३ मध्ये थांबलं, तरी तिचं इंजिन व्होल्वोच्या लाखो साध्या गाड्यांत बसलेलं असल्याने पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत आजही मिळतं. म्हणून दुर्मीळ इंजिनाच्या गाडीपेक्षा, ज्या गाडीचं इंजिन घरगुती मोटारींतही वापरलं गेलं, ती जास्त चालवायच्या बेताने घ्यावी. पोर्शे आपल्या जुन्या गाड्यांसाठी भागांचा स्वतंत्र विभाग चालवते. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीची एमएक्स-५ पुन्हा नवी करून देण्याची सेवा जाहीर केली आणि बंद झालेले भाग परत बनवायला घेतले. त्यांत कापडी छत होतं, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची मूठ होती, आणि ब्रिजस्टोनने मूळ नक्षीचे, मूळ मापाचे टायर पुन्हा तयार केले.